उसण परत करण्याबाबत

संग्राम पाटोळेच्या पाठीतली उसण त्याच्या आत्तीनं बुधवारी व्हिडिओ कॉलवरून काढून घेतली, आणि शुक्रवारी संग्रामला परदेशी सरकारची नोटीस आली की आपल्या नावे नोंदलेला आजार आपण विनापरवाना देशाबाहेर पाठवला आहे, तो का पाठवला ते समक्ष येऊन सांगावं.

नोटीस मोठ्या सभ्य भाषेत होती. खाली 'लवकर बरे व्हा' असंही छापलेलं होतं, कारण आजारी माणसांना पाठवायचा कागद तिथं एकच असतो. पण संग्राम बरा झाला होता, आणि सगळी भानगड तीच होती.

संग्राम मूळचा कऱ्हाडचा. लिफ्ट दुरुस्तीचं काम शिकून तो ग्रोनवीक नावाच्या थंड गावी गेला त्याला चौथा हिवाळा चालू होता. त्या देशात इमारती उंच आणि माणसं गप्प. लिफ्ट बंद पडली तर तिथली माणसं आरडाओरडा करत नाहीत, आत उभी राहून वाट बघतात. एकदा एक म्हातारा सोमवारपासून बुधवारपर्यंत वाट बघत राहिला, तेव्हा सरकारनं लिफ्टवाल्यांना कुशल कामगार ठरवलं आणि बाहेरून माणसं मागवली. त्या लाटेत संग्रामला व्हिसा मिळाला. काम चांगलं होतं, पगार वेळेवर होता, जेवणात मीठ कमी होतं. माणसाला सगळंच कुठं मिळतं?

एके दिवशी लिफ्टच्या खड्ड्यात पडलेला पाना उचलायला तो वाकला, तो वाकलेलाच राहिला. पाठीत अशी चमक भरली की सोबत्यांनी त्याला उचलून दवाखान्यात नेला तेव्हाही तो काटकोनातच होता. डॉक्टरनं सहा आठवड्यांची रजा लिहून दिली. कंपनीतल्या बाईनं समजावून सांगितलं की कुशल कामगाराच्या व्हिसावर आजारी पडायला काहीच हरकत नाही, पगारही मिळेल. अट एकच. ज्याची रजा आहे त्यानं रजा संपेपर्यंत स्वतः, स्वतःच्या अंगात आजारी राहिलं पाहिजे. संग्रामला ही अट इतकी उघड वाटली की त्यानं लगेच सही केली. त्या घटकेला आत्ती त्याच्या डोक्यात नव्हती.

आधी त्यानं साधा इलाज करून बघितला. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू, आणि पायाळू माणसानं पाठीत लाथ घातली की उसण जाते, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. ग्रोनवीकच्या महाराष्ट्र मंडळात चौकशी केल्यावर मुलीकडं आलेले एक दामलेकाका पायाळू निघाले. काका पँट वर करून तयारही झाले, पण मुलगी आडवी आली. काका पर्यटक व्हिसावर आले होते, लाथ मारणं हे काम होतं, आणि पर्यटकाला काम करायची सक्त मनाई होती. काका पाय खाली ठेवून चहा पिऊन गेले. त्यांना फार वाईट वाटलं.

मग बुधवारी आत्तीचा कॉल आला.

आत्ती म्हणजे वडिलांची बहीण, हौसाबाई. संग्राम रांगत होता तेव्हा त्याची आई गेली, आणि तेव्हापासून आत्तीनंच त्याला लहानाचा मोठा केला. तिची एक जुनी सवय होती. पोराचं काही दुखलं-खुपलं की त्याच्या चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवायचे, ते आपल्या कानशिलांवर टेकवायचे आणि कडाकडा बोटं मोडायची. याला अलाबला घेणं म्हणतात. तुझी पीडा मला येवो, असा त्याचा अर्थ. घरोघरी आत्या, मावश्या आणि आज्या हे करतात आणि कुणाची पीडा कुणाला जात नाही, म्हणूनच तर ते इतकं सर्रास चालतं. आत्तीचं मात्र लागू पडायचं. चौथीत असताना संग्रामचं गालगुंड तिनं एका दुपारी आपल्या गालावर घेतलं होतं आणि त्याला परीक्षेला पिटाळलं होतं. शेजारीपाजारी कुणाला त्याचं नवल नव्हतं. कुणाच्या हाताला चव असते, कुणाच्या हाताला हे असतं.

कॉलवर संग्राम उताणा पडून 'काही नाही, जरा झोपलोय' म्हणाला. आत्तीनं फोन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, आणि मग तो तांब्याला टेकवून ठेवला. संग्रामच्या ध्यानात येईपर्यंत तिनं काचेवरून दोन्ही हात फिरवले होते. दहाही बोटं वाजली. समुद्र ओलांडून आलेला तो आवाज जरा उशिरा ऐकू आला, पण पाठ त्याच्या आधीच मोकळी झाली होती. संग्राम ताडकन उठून बसला. तिकडं आत्ती 'आई गं' म्हणून हळूच खाली बसली आणि समाधानानं म्हणाली, "आली बघ."

दुसऱ्या दिवशी कंपनीतल्या बाईनं पाठ कशी आहे म्हणून फोन केला. संग्रामनं सगळं खरं खरं सांगितलं. हीच त्याची चूक. पण खोटं बोलला असता तर आत्तीनं त्याला तिथं येऊन बदडला असता.

वास्तव्य कार्यालयात त्याची गाठ श्रीमती ग्रेटा हॉल्म यांच्याशी पडली. उंच, सडपातळ बाई, कपाळाच्या डाव्या बाजूला बोट टेकवून बसायची सवय. त्यांनी संग्रामला उभं राहून वाकून दाखवायला सांगितलं. तो वाकला. पायाची बोटं धरायला सांगितली. त्यानं धरली. बाईंनी निःश्वास टाकला.

"पाटोळे, हे फार गंभीर आहे," त्या म्हणाल्या. "तुमची उसण या देशात भरली. इथल्या डॉक्टरनं ती प्रमाणित केली. तिच्या आधारावर रजा मंजूर झाली. आता रजा इथं आहे आणि उसण तिथं."

संग्राम म्हणाला की मग मी कामावर जातो, रजा नको. पण ते जमत नव्हतं, कारण दफ्तराच्या मते तो सहा आठवडे आजारी होता आणि आजारी माणसाला कामावर घेणं गुन्हा होता. बरं, आजारी म्हणून घरी बसावं, तर तो ठणठणीत होता आणि ठणठणीत माणसानं आजारपणाची रजा घेणं हाही गुन्हाच. असा तो त्रिशंकू झाला. मार्ग एकच, बाई म्हणाल्या. महिनाअखेरीपर्यंत उसण देशात परत आणावी. नाहीतर तिच्यामागं तुम्ही जावं, कायमचं.

संग्रामला व्हिसा जाण्याची भीती वाटली, नाही असं नाही. पण घरी येताना बसमध्ये त्याच्या डोळ्यांपुढं व्हिसा नव्हताच. सत्तरीला टेकलेली आत्ती विहिरीचा काठ धरून वाकलीय, असं सारखं दिसत होतं. त्याला त्याची उसण परत हवी होती. ती तरण्या माणसाची उसण होती, म्हातारीच्या पाठीला झेपणारी नव्हती.

त्यानं फोन करून सांगून बघितलं. नोटीस वाचून दाखवली, विनवण्या केल्या, शेवटी चिडला. आत्ती ढिम्म. तिचं म्हणणं असं की घेतलेली पीडा परत द्यायची रीत नाही, तिच्या सासूनं दिली नव्हती, सासूच्या सासूनं दिली नव्हती.

"ही काय शेजारणीची वाटी हाय व्हय रं, मागितली की परत द्यायला?" ती म्हणाली. "आन वाटीसुदीक कुणी रिकामी परत देत न्हाय."

"आत्ती, तुला नीट उभं तरी राहता येतंय का?"

"मला कुठं लिफ्टीत शिरायचंय," आत्ती म्हणाली आणि फोन ठेवला.

शेवटी हॉल्मबाईंनी आत्तीचीच साक्ष काढायचं ठरवलं. कार्यालयातल्या मोठ्या पडद्यावर आत्ती आली. पाठीमागं शेगडी, त्यावर शेकायला विटकर तापत ठेवलेली, आणि अंगात नवी चोळी, कारण साहेबीण बघणार होती. प्रश्न विचारण्यात आले, संग्रामनं दुभाषा होऊन इकडचं तिकडं सांगितलं. आजार कोणत्या मार्गानं नेला? बोटं मोडून. हे कृत्य एखाद्याच्या नावानं बोटं मोडण्यासारखं शत्रुत्वाचं होतं का? नाही, नावानं मोडणं वेगळं, मायेनं मोडणं वेगळं. आजार परत देण्याची तयारी आहे का? नाही. आत्तीचं या प्रश्नांकडं फारसं लक्ष नव्हतंच. ती हॉल्मबाईंचं कपाळावरचं बोट बघत होती.

"संग्या, ह्या बाईचं डोस्कं दुखतंय का रं?"

संग्रामनं विचारलं. हॉल्मबाई म्हणाल्या की ते शाळेपासून दुखतंय, पण प्रस्तुत सुनावणीशी त्याचा संबंध नाही. त्यांचं वाक्य संपायच्या आत पडद्यावर दोन हात फिरले आणि बोटं वाजली.

हॉल्मबाईंनी कपाळावरचं बोट काढलं. थोडा वेळ त्यांनी त्या बोटाकडंच बघितलं. मग खिडकीबाहेर बघितलं, आणि संग्रामला वाटलं की बाई आता रडणार. पण त्या सरकारी नोकर होत्या. त्यांनी पुढ्यातली फाईल मिटली, कपाटातून कोरी फाईल काढली आणि विचारलं की या बाईंना या कामाचा अनुभव किती.

पुढची चक्रं भराभर फिरली. कुशल कामगारांची यादी तपासली तेव्हा दुसऱ्याचं दुखणं घेणारी माणसं त्या देशात एकही नाहीत असं आढळलं. तुटवडा उघड होता. मग शिक्षणाचा प्रश्न आला, तिथं मात्र घोडं पेंड खाऊ लागलं, कारण आत्ती चौथीत शाळा सोडून म्हशींमागं गेली होती. त्यावर हॉल्मबाईंनी असा निर्णय दिला की आत्तीची सासू आणि सासूची सासू मिळून एक संस्था धरता येईल. भाषेची परीक्षा फोनवरून झाली. परीक्षकाला मधेच उचकी लागली, आत्तीनं ती घेतली, आणि तो उचकी न लागता 'उत्तीर्ण' म्हणाला. ग्रोनवीकच्या नगर आरोग्य केंद्रानं नोकरी दिली. आत्ती आली की तिच्या पाठीतली उसणही देशात येणार होती, त्यामुळं संग्रामची केसही आपोआप मिटत होती. एका दगडात दोन पक्षी पडले म्हणून कार्यालयात केक कापला.

आत्तीला ही नोकरी कशाची ते नीटसं कळलं नाही. पोराला बघायला मिळतंय एवढं तिला कळलं. म्हशी शेजारच्या सुलाक्काच्या हवाली करून, लोकरीच्या मोज्यांवर नऊवारी नेसून ती काटकोनातच विमानात बसली. उतरल्यावर विमानतळावरच्या माणसानं काय काय आणलंय विचारलं. शेंगदाण्याची चटणी आणि उसण, असं तिनं खरं सांगितलं. चटणी जप्त झाली. उसण सोडली, कारण ती मूळची तिथलीच होती.

संग्राम बाहेर उभा होता. तीन वर्षांनी बघत होता. आत्ती वाकूनच त्याच्याकडं आली आणि मान तिरकी करून म्हणाली, "वाळलायस." तो चांगला आठ किलोंनी वाढला होता. त्यानं पिशवी घेतली.

उसण देशात परत आल्यामुळं महिनाअखेरीची धमकी मागं घेतली गेली. संग्रामला कामावर रुजू केलं गेलं आणि उरलेली रजा तहकूब म्हणून ठेवली गेली. आत्ती आरोग्य केंद्रात बसू लागली. तिला गुबगुबीत खुर्ची दिली होती, ती तिनं येणाऱ्यांना दिली आणि स्वतः खाली चटई टाकली. पहिल्या दिवशी बस चालवणारा एक दाढीवाला सर्दी घेऊन आला. आत्तीनं त्याच्या दाढीवरून हात फिरवले, बोटं मोडली, शिंकली, आणि हात घासासारखा तोंडाशी नेत विचारलं, "जेवलास का?" त्याला पन्नास वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. तो बस उभी करून पुन्हा आत आला आणि त्यानं तेच पुन्हा विचारायला लावलं.

गावात बातमी पसरली. पाववाल्याचा गुडघा आला, शाळेतल्या बाईंचा बसलेला घसा आला, नगराध्यक्षांचं पित्त आलं. कामगार सुरक्षेचा अधिकारी येऊन बोटं तपासून गेला आणि त्यानं नियम घालून दिला की दिवसाला आठच दुखणी घ्यावीत, अंगठे तातडीच्या कामासाठी राखून ठेवावेत. आत्ती तो नियम पाळायची नाही. रांगेतल्या शेवटच्या माणसाला परत पाठवणं तिच्या जिवावर यायचं. ती फक्त दार लावून घ्यायची, म्हणजे अधिकाऱ्याला वाईट वाटायला नको.

गाव कसं हसतंखेळतं झालं. गप्प माणसं लिफ्टमध्ये एकमेकांना 'जेवलास का' विचारू लागली, आणि समोरचा चुकूनसुद्धा 'नाही' म्हणेना, कारण तसं म्हटलं की लोक डबा उघडत. लिफ्ट अडकली तर आत गाणी ऐकू यायची. संग्राम दुरुस्तीला गेला की लोक म्हणायचे, होऊ दे सावकाश.

दुखणी आत्तीच्या अंगात सरकून सरकून बसली, एसटीत तिघांच्या बाकावर चौथ्याला जागा करतात तशी. काही दोन दिवसांनी सुंठीच्या काढ्यानं उतरून जायची. पण हट्टी होती ती राहिली. पाववाल्याचा गुडघा राहिला, हॉल्मबाईंची डोकेदुखी राहिली, आणि संग्रामची उसण तर सगळ्यांच्या आधीची, ती खिडकीजवळची जागा धरून बसली होती.

संग्राम रोज संध्याकाळी उसण मागायचा. आत्ती रोज भाकरी थापता थापता नाही म्हणायची. त्याच्याही आता ते अंगवळणी पडलं असतं. पण हिवाळा भरात आला आणि आत्ती आणखी वाकली. आधी काटकोन होता, तो मिटत चालला. एका संध्याकाळी ती त्याला कुणाची तरी गंमत सांगत होती, हसत होती, आणि संग्रामच्या लक्षात आलं की ती त्याच्या बुटांशी बोलतीय. तिला मान वर करून त्याचं तोंड बघता येत नव्हतं. सात समुद्र ओलांडून ती पोराचं तोंड बघायला आली होती आणि बुटांवर तिची बोळवण झाली होती. संग्रामला त्या रात्री जेवण गेलं नाही.

सकाळी तो तिला घेऊन हॉल्मबाईंकडं गेला. कुशल कामगाराला आजारपणाची रजा मिळते, तीच आत्तीला द्या, मी तिला गावी नेऊन सोडतो, असं त्यानं सांगितलं. हॉल्मबाईंनी धावत येऊन आत्तीला बसवलं, चहा आणला, त्यात साखर तिच्या आवडीइतकी घातली. मग आपल्या खुर्चीत जाऊन त्यांनी नियम उघडले आणि त्यांचा चेहरा पडला.

"यांच्या अंगात जे आहे ते त्यांच्या कामाचं साहित्य आहे," त्या म्हणाल्या. "सुताराला लाकूड आहे म्हणून रजा मिळत नाही. पाववाल्याचा गुडघा हा पाववाल्याचा आजार. डोकेदुखी माझी. उसण तुमची. रजा स्वतःच्या दुखण्यावर मिळते. त्यांचं स्वतःचं एखादं दुखणं सांगा, अगदी छोटंसं चालेल, मी आत्ता शिक्का मारते."

संग्रामनं आत्तीला विचारलं. आत्ती विचारात पडली. तिनं मनातल्या मनात सगळं अंग चाचपून बघितलं असावं, डोक्यापासून पायापर्यंत. हे त्याचं, हे तिचं, हा घसा बाईंचा, हा खोकला त्या लाल टोपीवाल्या पोरीचा.

"माजं सोताचं?" ती म्हणाली. "माजं कदी काय नसतंच की."

हे संग्रामला त्यांच्या भाषेत सांगायचं होतं. त्याऐवजी त्यानं आत्तीच्या खांद्यावरून घसरलेला पदर सारखा केला. हॉल्मबाईंना मात्र ते न सांगताच समजलं असावं. त्यांनी शिक्का उचलला होता तो हळूच खाली ठेवला. नियमापुढं त्यांचाही इलाज नव्हता.

मग संग्राम आत्तीपुढं खाली बसला. ती इतकी वाकली होती की तिच्या चेहऱ्यासमोर यायला त्याला जवळजवळ जमिनीवर पडावं लागलं. त्यानं तिच्या चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवले. पुरुष माणूस असं करत नाही, निदान कऱ्हाडात कुणी केलेलं ऐकिवात नाही, आणि त्याला ते कुणी शिकवलेलंही नव्हतं. पण तीस वर्षं ते त्याच्यावर होत आलं होतं. त्यानं हात आपल्या कानशिलांवर टेकवले आणि दाबले. काहीच वाजलं नाही. पाना धरून धरून बोटं राठ झाली होती.

"सोड, संग्या, तुला न्हाय जमायचं," आत्ती घाईघाईनं म्हणाली. तिच्या आवाजात भीती होती. त्यानं तिला कधी भ्यालेली पाहिली नव्हती, आणि त्यामुळंच त्याला कळलं की जमणार आहे.

त्यानं पुन्हा हात फिरवले, सावकाश, कपाळावरून, गालांवरून, हनुवटीपर्यंत, आणि सगळा जीव बोटांत आणून दाबली. कडाकडा दहाही वाजली. अंगठेसुद्धा.

उसण आली. जुनी ओळखीची, नेमकी त्याच जागी. पण ती एकटी आली नाही. तिच्यामागं पाववाल्याचा गुडघा आला, बसलेला घसा आला, नगराध्यक्षांचं पित्त, लाल टोपीवाल्या पोरीचा खोकला, आणि सगळ्यात शेवटी, डाव्या कपाळात, हॉल्मबाईंची शाळेपासूनची डोकेदुखी आली. वाटी रिकामी परत देत नाहीत हे आत्तीनं सांगितलं होतंच. संग्राम जिथं होता तिथंच कलंडला.

आत्ती उभी राहिली. सरळ, ताठ, देवळाच्या खांबासारखी. ती इतकी उंच आहे हे हॉल्मबाई पहिल्यांदाच बघत होत्या.

"मुडद्या," ती म्हणाली, "दे ते परत."

"शेजारणीची वाटी हाय व्हय?" संग्राम जमिनीवरून म्हणाला. घसा बसल्यामुळं ते जेमतेम ऐकू आलं.

हॉल्मबाई मात्र आता उभ्या राहून भराभर फाईली काढत होत्या. उसण मूळ मालकाच्या अंगात, देशाच्या हद्दीत परत मिळाली होती, म्हणजे पहिली केस रीतसर बंद. तहकूब केलेली रजा आपोआप जिवंत झाली होती. बाकीची दुखणी साहित्य म्हणता येत नव्हती, कारण संग्राम लिफ्टवाला होता, त्याचं ते साहित्य नव्हतं. तो आता निखालस आजारी होता, स्वतः, स्वतःच्या अंगात. अशी स्वच्छ केस त्यांच्या टेबलावर कित्येक वर्षांत आली नव्हती. रजा परदेशी घालवायला परवानगी होती, फक्त काळजी घेणारं घरचं माणूस बरोबर हवं. आणि आत्तीकडचं साहित्य संपल्यामुळं तिचं काम तूर्त बंद, ती जायला मोकळी. शिक्का दोनदा वाजला.

आत्ती ऐकतच नव्हती. ती हात पुढं करून संग्रामच्या तोंडाकडं येत होती. शेवटी हॉल्मबाईंनी, नियमात नसताना, तिला मागून घट्ट मिठी मारून धरून ठेवलं. ती थोडी शांत झाल्यावर बाईंनी खाली वाकून संग्रामला विचारलं, "माझी डोकेदुखी नीट आहे ना?"

"आहे," संग्राम म्हणाला. "डावीकडं."

"तिला उजेड चालत नाही," बाई म्हणाल्या, आणि आपला काळा चष्मा त्याला देऊन टाकला.

निघायच्या दिवशी अर्धं गाव विमानतळावर आलं होतं. रडायची त्यांना सवय नव्हती, म्हणून त्यांनी डबे आणले होते. दाढीवाल्या बस ड्रायव्हरनं आत्तीला अडवून मोठ्या कष्टानं पाठ केलेलं विचारलं, "जेवलीस का?" आत्ती जेवली नव्हती. पण ती 'व्हय' म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला. जाताना विमानतळावरच्या माणसानं चटणीची बरणी परत दिली. ती निम्मी झाली होती. त्यानं बरणीत वरून त्यांच्याकडचं चीज भरलं होतं.

विमानात संग्रामला खिडकीची जागा दिली. काळा चष्मा, गळ्याला मफलर, गुडघ्यावर उशी, असा तो काटकोनात बसला. आत्ती शेजारी. विमान वर चढलं तशी ती त्याच्याकडं बघू लागली. तीन वर्षांचं राहिलेलं बघणं होतं ते. बघता बघता तिचे हात उचलले गेले.

संग्रामनं ते मधल्या मधे पकडले.

"सोड की," आत्ती म्हणाली. "केस सारखं करतीया तुजं."

"माहितीय मला काय करतीयस ते."

तिनं एक हिसका दिला, मग आणखी एक. तो आजारी होता, पण हाताची पकड लिफ्टवाल्याची होती. शेवटी आत्तीनं हार मानली आणि हात त्याच्या हातांत तसेच राहू दिले. उजव्या हाताच्या करंगळीनं तेवढं ती त्याच्या मनगटावर हळूहळू थापटत राहिली, लहानपणी झोपवताना थापटायची तसं.

जेवण आलं तेव्हा चारही हात गुंतलेले होते. ते पाहून विमानातल्या मुलीनं काही विचारलं नाही. तिनं ताट मधे ठेवलं, एक घास त्याला, एक घास हिला असं दोघांना भरवलं, आणि आत्तीचं तोंड पुसून पुढच्या रांगेकडं गेली.

ढगांवर ऊन पडलं होतं. आत्तीला डुलकी लागली, मान त्याच्या खांद्यावर आली. मुंबईत उतरेपर्यंत संग्रामनं तिचे हात सोडले नाहीत.